बरोबर उत्तराची दोन ओळींची पत्रं

पेण, ५ डिसेंबर २०२४

चि. किमयास अनेक आशीर्वाद.

२क्ष + ५ मध्ये क्षच्या जागी ३ ठेवून तू ११ काढलेस. बरोबर आहे. मी ठीक आहे.

तुझा बाबा,
काळुराम

रोहा, ११ डिसेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आई गेल्यावर तुम्ही मला या वसतिगृहात ठेवलंत, त्याला सहा महिने झाले. इतर मुलींकडे रविवारी कोणी ना कोणी येतं. तुम्हाला मिठागरावर सुट्टी नाय, ते कळतं मला.

नवं गणित: ४क्ष + १, क्ष = ३. चाराशेजारी तीन लिहिले, त्रेचाळीस झाले. अधिक एक, चव्वेचाळीस. बरोबर ना?

तुमची किमया

पेण, १७ डिसेंबर

चि. किमयास अ. आ.

अगो, मागच्या वेळी जमलं होतं, आता काय झालं? ४क्ष म्हणजे चार गुणिले क्ष. चार टोपल्या, प्रत्येकीत तीन किलो मीठ, तर त्रेचाळीस किलो होईल का? बारा होईल. त्यात एक मिळव, तेरा.

तुझ्या आईला टोपली नुसती उचलून वजन कळायचं. मी काट्यावर ठेवायचो, ती हसायची. खाडीवरून गार वारा सुटला की तिची शाल अजून मीच घेतो. बघ, गणित राहिलं बाजूला. पुन्हा करून धाड.

तुझा बाबा

पेण, १५ जानेवारी २०२५

चि. किमयास अ. आ.

आज तुझं प्रगतिपत्रक आलं. बीजगणितात वीसपैकी वीस! मग परवाच्या पत्रात ७ − क्ष मध्ये उणे दोन ठेवून पाच कसे आले? नऊ येतात हे तुला ठाऊक हाय. रागावलो नाय, पण खरं सांग.

तुझा बाबा

रोहा, २१ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

उत्तर बरोबर आलं की तुमचं पत्र दोन ओळींत संपतं. चुकलं की तुम्ही पान भरून लिहिता, आणि त्यात आई येते. म्हणून मुद्दाम चुकले. माफ करा.

माया आहेच, ती कागदावरही उतरू द्या.

तुमची किमया

पेण, २७ जानेवारी

चि. किमयास अ. आ.

तुझं पत्र मिठागराच्या बांधावर बसून वाचलं. सोबत कामाला असलेल्या मालूकाकीने विचारलं, डोळ्यांत काय गेलं. मीठ, म्हणालो.

पोरी, गणित असलं की माझा हात चालतो. नुसतं लिहायला बसलो की घरात तू नाहीस, ती नाही, हेच समोर येतं. तुला सगळं यायला लागलं तर पुढे काय लिहू, याचीच मला धास्ती होती.

मुकादमाशी बोललो. येत्या रविवारी सुट्टी मिळाली. पहिल्या गाडीने रोह्याला येतो. तुला काय आणू ते कळव.

नको, कळवू नकोस. पत्र यायच्या आधी मीच पोचतो.

तुझा बाबा