रंगीला घातलेली हाक

बेळगाव कॅम्प. मंगळवार, मार्च १९४४.

जेवण गेलं न्हाय. दुपारपास्नं ती हाकच डोक्यात फिरतीया, म्हणून लिहून टाकतो.

पलटणीतली सामान वाहणारी खेचरं काढून अमेरिकेच्या जीपगाड्या घेणार, हे महिनाभर ऐकत होतो. बारा वर्षं खेचर हाकलं, आज मला जीप शिकायला बसवलं. शेजारी आमचे हवालदार आण्णा, चिकोडीचे. मच्छे गावच्या उताराला गाडी जोरात सुटली. मी काय करावं? स्टेअरिंगचं चाक लगामासारखं छातीकडं ओढलं आणि ओरडलो, "हो, रंगी, हो."

रंगी हे माझ्या खेचराचं नाव.

गाडी थेट चरीत गेली. आण्णांच्या कपाळाला खोक पडली. "ब्रेक पायात हाय रं," रक्त पुसत ते म्हणाले. "तोंडानं थांबतीया व्हय ही?" रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पण ती हाक वाया गेली न्हाय, तेच टोचतंय. त्याच वेळी वरच्या रस्त्यानं खेचरांची रांग स्टेशनाकडं चाललेली. त्यात रंगी, दोरी दुसऱ्याच्या हातात. माझं "हो" ऐकलं आणि ती जागच्या जागी थांबली. त्या माणसानं दोरी ओढली, मागची खेचरं येऊन धडकली, तरी हलेना. कान माझ्याकडं.

शेवटी तो माणूसही माझ्याकडं बघत उभा राहिला.

"चल, रंगी" हे मलाच म्हणावं लागलं. लगेच चालू लागली.