धूर कुणाचा

१४ नोव्हेंबर १९७७

वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर पुन्हा काजळी. गिरणीची चिमणी नेमकी आमच्या गच्चीवर थुंकते. बसम्मा पहाटेपासून खोकते आहे. डॉक्टर म्हणाले, "यांना धुरापासून दूर ठेवा." दूर म्हणजे कुठं? चंद्रावर?

भाऊ गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती भावजय, मी पेन्शनीतली भूगोलाची बाई. तिचा मुलगा शिवशरण अमेरिकेत, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. माझ्या वाट्याला तिचा खोकला.

गॅस घेऊन दिला, तर त्यावर फक्त चहा करते. "अक्का, गॅसवर भाकरी मऊ ऱ्हाते. कडक व्हायला निखारा लागतो की." परसातली चूल बंद म्हणजे बंद, असं बजावलं. "व्हय," म्हणाली. फार लवकर म्हणाली.

१९ नोव्हेंबर

गिरणीत अर्ज दिला. कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी, एक चूक सापडायची नाही. कारकुनानं वाचला. "बाई, ही चिमणी थांबली तर निम्म्या गावाच्या चुली विझतील."

"आणि चालू राहिली तर माझी भावजय विझेल."

त्यानं अर्ज पेपरवेटखाली सरकवला. वर चहाचा कप ठेवला!

४ डिसेंबर

शिवशरण आला, महिन्याच्या रजेवर. बसम्मा त्याच्या कोटावरून सारखा हात फिरवते. "तितं भाकरी मिळती का रे?"

"नाही गं, आई."

तिचा चेहरा असा झाला, जणू पोरगा तिकडं उपाशीच राहतो.

७ डिसेंबर

शिवशरणला गच्चीवर नेऊन चिमणी दाखवली. म्हटलं, हाच तो खुनी.

"आत्या, काळं दिसतं ते काही दिवसांत खाली बसतं. कोळशातून न दिसणारा कर्बवायूही निघतो. तो वरच राहतो, पिढ्यान्पिढ्या. पृथ्वीवर गोधडी घातल्यासारखा, ऊब कोंडून."

कर्बवायू झाडं खातात, विषय संपला — मुलींना मी एवढंच शिकवलं होतं. विचारलं, एवढा येतो कुठून? कोळशाची वीजघरं, म्हणाला. कारखाने. तेल. मोटारी. सिमेंटच्या भट्ट्या. जाळलेली जंगलं.

"सगळ्यांत जास्त आमच्या अमेरिकेतून. मीच मोटारी बनवतो की."

"आणि आईची चूल?"

"त्या हिशेबात ती दिसणारही नाही. ती चूल जग तापवत नाही, आत्या. फुंकणारीला मारते."

खालून खोकला ऐकू येत होता.

२१ डिसेंबर

गिरणीत पुन्हा गेले, आता दर दोन-तीन दिवसांनी जाते. शिवशरण अक्कलकोटला मामाकडे गेलेला. साहेब भेटले नाहीत.

परतले तर परसात बसम्मा कलंडलेली. फुंकणी हातातच. निखाऱ्यांभोवती भाकऱ्या उभ्या लावलेल्या. मी गिरणीच्या बाकावर बसले की ही इकडं चूल पेटवत होती तर! ज्वारीच्या कणगीमागं डबा निघाला, गच्च भरलेला.

तिला मांडीवर घेऊन ओरडलेच. का, का केलंस हे?

"पोराला न्यायला," म्हणाली. मग दम खाऊन, "कडक भाकरी महिनाभर टिकती, अक्का. इमानात बी."

२३ डिसेंबर

बसम्मा गेली.

२४ डिसेंबर

आमच्यात जाळत नाहीत. कपाळाला भस्म लावलं, बसवली आणि माती दिली. निदान शेवटी तरी तिला धूर लागला नाही.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. मी मान वर करून चिमणीकडे पाहिलं नाही.

२ जानेवारी १९७८

शिवशरण गेला. निम्म्या भाकऱ्या आईच्या लुगड्यात गुंडाळून नेल्या, निम्म्या मला ठेवल्या. स्टेशनवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता.

कोळशाचं इंजिन धूर ओकत निघालं. पुढं विमान. तिथं त्याच्या मोटारी. आता शिव्या कुणाला देऊ? पोरगा आमचाच आहे.

३ जानेवारी

गिरणीत गेले नाही.

११ जानेवारी

आज चहात तिच्या हातची भाकरी मोडली. तिला धुराचा वास होता. डब्याचं झाकण घट्ट लावलं. उडून जायला नको.