वाऱ्याआधी वाजणारी घागर

देवगड, १९६२

भिकाजी,

मुंबईत बरा असशील. तुझी हरवलेली घागर सापडली रे!

आठवतं, आईची तांब्याची घागर पळवून तू तिचं तोंड डाख देऊन बंद केलं होतंस? वारा फिरायच्या आधी ती आपोआप वाजेल, म्हणायचास. आत काय घातलंस ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाहीस. दोन वर्षं ती बंदरात नुसती तरंगली, एकदाही वाजली नाही. सगळं बंदर तुला हसलं. मग वादळात तिचा दोर तुटला, आणि तूही मुंबई गाठलीस.

काल जावेचा नवस फेडायला तिच्याबरोबर मिठबावला गेले. तिथे किनाऱ्यावर, खडकाच्या कपारीत राखणदार आहे. अंगभर शेंदूर, पुढे नारळांची रास. तिथली हौसाबाई म्हणाली, "वारो फिरूच्या आधी हो वाजता गो. मग आमचे घो दर्यात जाणत नाय." तो वाजला की तिथला एकही पुरुष होडी पाण्यात लोटत नाही.

राखणदाराच्या गोल काठावरचा शेंदूर जरा निघाला होता. तिथे आईचं नाव कोरलेलं दिसलं. पाण्यात मुकी राहिलेली घागर खडकात अडकल्यावर बोलायला लागली होती!

हे पत्र मी टाकणार नाही. तू मिळेल त्या बोटीने येशील, आणि ती का वाजते ते बघायला आधी डाखच फोडशील. मी ओळखून आहे तुला.

हौसाबाईला काही बोलले नाही. नारळ ठेवला, आणि लहानपणी ज्याचे कान पिळले त्या धाकट्या भावापुढे हात जोडले.

तुझी,
बाय