तिसरी ओंजळ

१८ फेब्रुवारी, बुधवार
आजपासून लेंट, ईस्टरआधीचा उपासाचा काळ. पास्टर प्रविण यांनी प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि आपण मातीचे आहोत, मातीतच जायचं आहे, असं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, पण माझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. पंच्याहत्तरीच्या माणसाला याची आठवण द्यायची गरज नव्हती.
संकल्प: चाळीस दिवस तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. तंबाखूला हात लावायचा नाही. मनात भीती आणायची नाही. तसा मी घाबरणाऱ्यातला नाहीच.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११
खर्रा बंद आहे. डोकं दुखतं. नुसती सुपारी खाल्ली. सुपारी म्हणजे खर्रा नव्हे.

२२ फेब्रुवारी, रविवार
वाईट बातमी. ईस्टरच्या सकाळी वैनगंगेच्या काठावर, आमच्या कारध्याच्या बाजूला, सगळ्या मंडळीच्या बाप्तिस्म्याचं नूतनीकरण होणार. पास्टर म्हणाले, आपण कोण आहोत ते पुन्हा ओळखायचं आहे. सगळे आमेन म्हणाले. मी खोकलो.
नूतनीकरण हा शब्द मला चांगला माहीत आहे. मागल्या वर्षी रेशन कार्डाचं झालं. मशीनवर माझा अंगठा उमटेना. चाळीस वर्षं हातमागाच्या सुतावर घासलेला अंगठा, त्याला रेषा कुठून राहणार. मी समोर उभा, आणि तो पोरगा म्हणतो, "बाबाजी, सिस्टीममध्ये तुम्ही नाहीच." दोन महिने मी नव्हतो.
आता तेच देवाच्या घरी. बाप्तिस्म्याला मुदत असते हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही.
आज खर्रा खाल्ला. लेंटमध्ये रविवार मोजत नाहीत.

२५ फेब्रुवारी
पेटी उघडली. आधार, रेशन कार्ड, मतदान कार्ड, रुखमिणीच्या मृत्यूचा दाखला, माझ्या मोतीबिंदूचे कागद. बाप्तिस्म्याचा दाखला नाही. तो कधीच नव्हता, हे मला माहीत होतं. तरी तीनदा शोधला.
सून कीर्ती दारातून म्हणाली, "काय शोधून राहिले, बाबा?" मी म्हटलं, आवरून राहिलो. ती म्हणाली, आवरून राहिले तर पसारा काहून वाढून राहिला. पेटी बंद केली.

१ मार्च, रविवार
खरं काय ते लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचत नाही. कीर्तीला माझं अक्षर लागत नाही.
साल १९७४. मी आंधळगावचा विणकर. रुखमिणीशी लग्न ठरलं, तिचं घर ख्रिस्ती. जुने पाद्रीबाबा मला नदीत घेऊन गेले. गुडघाभर पाणी. अंगात आम्हा दोघा भावांत मिळून एक होता तो जाड कोट. पाण्याला मी लहानपणापासून भीत नाही, पण मान देतो, दुरून.
पाद्रीबाबांनी एक ओंजळ डोक्यावर टाकली, पित्याच्या नावानं. दुसरी, पुत्राच्या नावानं. तेवढ्यात पायाला काहीतरी लागलं. साप असावा. मी निघालो तो थेट सडकेपर्यंत.
परत आलो तेव्हा सगळे चहा पीत होते. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. फक्त रुखमिणीला सांगितलं. ती गेली तोवर तिनं कुठे तोंड उघडलं नाही, तशी बाईच नव्हती ती.
म्हणजे पित्याकडे मी आहे, पुत्राकडे आहे. पवित्र आत्म्याकडे माझी नोंद नाही.

८ मार्च, रविवार
कबरस्तानात जाऊन आलो. रुखमिणीच्या शेजारची जागा मी धरून ठेवली आहे. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तशा चार विटा ठेवल्या आहेत. विटा जागेवर आहेत.
पण नूतनीकरणात अडकलो तर मंडळीच्या वहीतून नाव जाईल. आणि वहीत नाव नाही त्याला इथे जागा नाही. हा नियम मी स्वतः मांडला होता, कमिटीत, मोठ्या आवाजात, दुसऱ्या एका माणसाबद्दल.
ती तिथे एकटी, आणि मला कुठे नेतील कोण जाणे.
निघताना विटा पुन्हा मोजल्या. चारच आहेत.

१४ मार्च, शनिवार
संध्याकाळी खर्रा. जुन्या काळी दिवस सूर्यास्तापासून धरत. म्हणजे रविवार लागला होता.

१५ मार्च
आज पास्टरना सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो. वाक्य पाठ केलं होतं. ते म्हणाले, "काका, मनात काही आहे का?" मी म्हटलं, तिसरा पंखा आवाज करतो. बिचारे स्टूलवर चढले. पंखा चांगला होता.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार, येशू गाढवावर बसून शहरात आला तो
रुखमिणीची धाकटी बहीण मंदाबाई हातात झावळी घेऊन म्हणाली, "भाऊजी, गाढव हरवल्यासारखं तोंड काहून केलं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नूतनीकरणाले काय काय लागते?
"तोंड लागते," म्हणाली. "होय म्हणायले."
तिचा अंगठा चांगला आहे, तिला काय.

२ एप्रिल, गुरुवार
सगळ्याची झेरॉक्स काढली. दोन फोटो. रोज अंगठ्याला खोबरेल लावतो. एक रेष दिसायला लागली, असं मला वाटतं. कीर्ती म्हणते, ती चीर आहे.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार
येशूनं शेजारच्या क्रुसावरच्या चोराला सोबत नेलं. त्या चोराचा बाप्तिस्मा कुठे झाला होता? विचारात पडलो. मग लक्षात आलं, त्याची थेट ओळख होती.
जेवण गेलं नाही. लोकांना उपास वाटला.

५ एप्रिल, ईस्टर, सकाळी १०
मशीन नव्हतं. टेबलही नव्हतं. एक बादली आणि कडुलिंबाची डहाळी.
मी फाईल घेऊन सडकेच्या बाजूला उभा राहिलो. पास्टरनी विचारलं, सगळे होय म्हणाले, मीही म्हणालो. मग ते डहाळीनं पाणी शिंपडत आले. माझ्यापर्यंत आले आणि मी वाकलो. का, ते माहीत नाही. पाणी मागच्या मंदाबाईच्या तोंडावर.
ती तोंड पुसत म्हणाली, "बावन्न वर्षं झाली, भाऊजी, अजून पळूनच राहिले का?"
मी म्हटलं, तुले कोणं सांगितलं?
"सांगाले कायले लागते? मी अकरा वर्षांची होती, काठावरच उभी होती. अन् ज्यायले दिसलं नाही त्यायले बाईनं सांगितलं. अख्ख्या मंडळीले ठाऊक आहे." बाई म्हणजे माझी रुखमिणी. पुढे म्हणाली, "पाद्रीबाबानं तिसरी ओंजळ मागून फेकली होती. बराब्बर पाठीवर बसली. तुम्ही वळून पाहिलंच नाही."
पास्टर हसले. "मग काका, झालं की पूर्ण." कोणी फाईल मागितली नाही.
बावन्न वर्षं उगाच. कबरस्तानातली जागा पक्की. मन इतकं हलकं झालं की नदीकडे पाहिलं, थोडं जवळ जाऊन. घरी येताना खर्राही घेतला नाही, आज तर लेंट संपला होता तरी.

दुपारी २
कोट आठवला. जाड होता. पाणी आतपर्यंत गेलं होतं का, हे मंदाबाईला विचारायचं राहिलं.