माझं घर रघूच्या नावावर का नाही

मी इंदुबाई दिनानाथ मोकल, राहणार गडब, तालुका पेण, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा पापड-पोह्यांचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. दुखणं पोटात आहे, डोकं शाबूत आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. मला करील असा गावात कोणी नाही.

१) गडबचं घर मी पापड लाटून बांधलं. जागाही माझ्या नावावर आहे. माझ्यामागे हे घर माझी सून मैना रघुनाथ मोकल हिचं. मुलगा रघू याला मरेपर्यंत राहण्याचा हक्क. विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क नाही. तो वाईट आहे म्हणून नाही, आजारी आहे म्हणून.

२) आजार कोणता तेही लिहिते, म्हणजे मागून कुजबुज नको. त्याला मोबाइलवर रमी खेळण्याचं व्यसन आहे. आधी भगताचा अंगारा झाला. देवळात नारळावर हात ठेवून शपथ झाली. शपथ घेऊन आला आणि संडासात बसून खेळला. शेवटी अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, शपथेनं मलेरिया उतरतो का? हाही आजारच आहे. हरलेलं परत मिळवायला तो बसतो आणि आणखी हरतो. तुम्ही देणी फेडलीत की तो पुन्हा खेळायला मोकळा." मग उपाय सुरू झाला. गोळ्या थोड्या, बोलणं जास्त. दर गुरुवारी तिथे अशाच माणसांची मीटिंग. पगार मैनेच्या खात्यात. हातात साधा बटणाचा फोन. न खेळता वर्ष होत आलं होतं. पोरगा पोटभर जेवायला लागला होता.

३) धाकटे दीर हैबतराव यांना माझ्या मिळकतीतली सुईसुद्धा नाही. यंदा गणपतीच्या जागरणाला त्यांनी माझ्याच ओटीवर पत्ते मांडले. मी म्हटलं, रघू बसणार नाय. तर म्हणतात, "वैनी, देवापुढच्या पत्त्यांना जुगार नाय म्हणत गो. रघ्या, जा, बायकोला विचारून ये, खेळू देते का बघ!" सगळे खिदळले. रघू बसला. गौरी गेल्या तोवर मैनेच्या कुड्या पेणच्या सोनाराकडे गेल्या होत्या. हैबतराव, देवाचं नाव पुढे करून तुम्ही माझ्या पोराचं वर्ष खाल्लंत. माझ्या पिंडाला हात लावू नका.

यापुढे आमच्या गणपतीत भजन करा, नाचा, नाहीतर घोरत पडा. पत्ते काढील त्याला मैनेने दंडाला धरून बाहेर घालावं. वय बघू नये.

४) पापडाचं मशीन, हायवेवरची टपरी आणि बँकेतली ठेवही मैनेचीच. माझ्या घराकडे बघून रघूला कोणी उसने दिले असतील तर त्यांनी ते विसरावेत.

५) मैने, तो पुन्हा खेळेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, माणूस घसरतो. घराबाहेर काढू नकोस. शिव्या घाल, जेवायला वाढ, पैसे देऊ नकोस. आणि तुलाच नको झालं तर खुशाल सोड त्याला. घर तरीही तुझंच. यावर गावाने बोलू नये.

६) परवा गुरुवारी पनवेलला माझं पिशवीचं ऑपरेशन आहे. रघू घसरल्यापासून मीटिंगला गेलेला नाही, तिथे तोंड दाखवायची लाज वाटते. काल म्हणतो, "आये, या गुरुवारी तुझ्याजवळ थांबतो ना." कारणच शोधतोय मेला. थांबायचं नाय. वडखळला अलिबागची गाडी धरायची. टेबलावर माझं काही बरंवाईट झालं तर त्याला कोणी फोन करू नये. मीटिंग सुटल्यावर सांगावं. अग्नी उशिरा मिळाला तरी मला चालेल.

वाचून, समजून सही केली.
इंदुबाई दिनानाथ मोकल

आमच्या दोघांच्या समोर सही झाली:
काळुराम बाळू पाटील, शेजारी
धोंडुबाई सखा म्हात्रे, पापडाच्या कामातली जोडीदारीण

मुक्काम गडब, मंगळवार, ३ ऑक्टोबर २०२३