तिसऱ्या मजल्यावरचं जुनं दार

आदरणीय आत्या,

तुमच्या दोन्ही पावलांना नमस्कार (डाव्याला हलक्या हाताने, सूज उतरली नसेल तर). गोळ्या जेवणानंतर घेता ना? आधी घेतल्या की तुम्हाला मळमळतं आणि मग तुम्ही डॉक्टरांना नावं ठेवता.

प्रथम एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या स्वस्त घरांच्या इमारतीत चाळीस कुटुंबं राहायला आली. ते चूक आहे. एकोणचाळीस कुटुंबं आली आणि एक आवाज आला. चुकीचा आकडा लिहून तुम्हाला फसवल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

कारखाना बंद पडल्यावर ही गल्ली ओस पडत गेली, हे तुम्हाला माहीत आहे. जुन्या खोल्या पाडून तिथे नवी घरं बांधायची आणि राहणाऱ्यांनाच ती द्यायची, असं ठरलं. कोण राहतं हे पाहायचं काम माझं. पद्धत सोपी होती. दारावर खडूने नंबर घालायचा, तीन वेळा वाजवायचं, आतून उत्तर आलं तर ‘राहतं घर’ लिहायचं, नाही आलं तर ‘रिकामं’. तुम्ही मला घरी शुद्धलेखन घालताना सांगायचात, कानावर पडेल तेवढंच लिही, मनातलं घालू नकोस. (शाळेत जाणाऱ्या मुली अंदाजाने लिहायच्या आणि पास व्हायच्या.) मी अगदी तसंच केलं. गल्लीच्या टोकाचं दार वाजवलं, आतून ‘कोण?’ आलं. मी पाहणीचं सांगून विचारलं, घरात माणसं किती. आतून आवाज आला, “तुम्हाला धरून दोन.” मी स्वतःला वजा करून ‘एक’ लिहिलं आणि पुढे गेले. दार उघडायला सांगायचं असं नियमात नव्हतं.

पुढे पाडकाम सुरू झालं. मुकादमांनी ते दार चौकटीतून काढलं तर मागे विटांची भिंत, आणि भिंतीमागे पलीकडची गल्ली. खोली नव्हतीच. कधी काळी असली तरी आता तिथे मांजर बसेल एवढीही जागा नव्हती. मी धावत साहेबांकडे गेले. साहेबांनी कागद पाहून विचारलं, उत्तर आलं होतं का? आलं होतं म्हटल्यावर ते म्हणाले, मग कुटुंब आहे, आणि चहा मागवला. यादीवर तोपर्यंत शिक्का बसला होता. ती पुन्हा उघडली तर चाळीसही ताबापत्रं थांबणार होती.

आता स्वस्त घरं म्हणजे जुनं सामान वापरणं आलंच. ते दार सागवानी, कीड नाही, म्हणून मुकादमांनी तासून तिसऱ्या मजल्यावर सहाव्या घराला लावलं. नेमकं तेच घर आवाजाच्या वाट्याला आलेलं. किल्ली न्यायला कुणी आलं नाही, ती माझ्या खणात आहे. कुलूप उघडतं, पण आतून कडी लागलेली असते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं तर ते खूश आहेत. वरचे लोक फार सभ्य, म्हणाले, पाऊल वाजत नाही. पाण्याचं मीटर मात्र रोज थोडं फिरतं. मी दुपारी बाराच्या लख्ख उन्हात जाऊन पाहते (दुसऱ्या वेळी जायचं धाडस नाही).

हे मी गिळूनही टाकलं असतं, पण शिवणवाल्या बाई आहेत. त्या आणि त्यांच्या दोन मुली ह्याच गल्लीत अकरा वर्षं राहिल्या. मी वाजवलं तेव्हा तिघी कामाला गेल्या होत्या, म्हणून मी ‘रिकामं’ लिहिलं. आता त्या मशीनसकट पत्र्याच्या शेडमध्ये आहेत आणि महिनाअखेरीस शेड निघणार आहे. मी माफी मागायला गेले. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, “ताई, चूक माझीच. पुढल्या खेपेला एक तोंड घरी ठेवून जाईन.” मी शिव्या खायला तयार होते, आत्या. ह्याला नव्हते.

राहणाऱ्याने आपणहून घर सोडलं तर यादी न उघडता ते घरासाठी अर्ज करून थांबलेल्यांना मिळतं, आणि त्यांत पहिलं नाव बाईंचं आहे. म्हणून काल दुपारी मी सहाव्या घरापुढे बसून सगळं समजावून सांगितलं. पाऊण तास बोलले. आजोबा जिन्यातून डोकावून, बरं वाटत नाही का पोरी, असं विचारून गेले. शेवटी आतून आलं, “जाईन. कुणी हाक मारील अशा ठिकाणी ठेवा.” आवाज दाराच्या मागून नव्हता. लाकडातून होता.

मी घाबरलेले नाही. जेवते वेळेवर.

तुमची,
धाकटी

ता. क. : जेवते वेळेवर हे खरं नाही.

आणखी ता. क. : तुमच्या जिन्यावरच्या खोलीला नुसता पडदा आहे. दाराचं माप मी घेतलं आहे, दोन बोटं तासलं की बसेल. त्याला स्वयंपाकघर लागत नाही. हेच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं, वर लिहायचा धीर झाला नाही.

शेवटचं : तुम्ही एकट्या राहता आणि दिवसभर स्वतःशी बोलता, हे मी त्याला तुम्हाला न विचारता सांगितलं. ती माझी चूक. ते ऐकल्यावर आतून कडी निघाल्याचा आवाज आला. सोमवारी, तेवीस तारखेला, सकाळी नऊ वाजता मुकादम बिजागऱ्या काढतील आणि मी टेम्पोत दाराशेजारी बसून निघेन.