रबर ग्रीस संपलं होतं

११ जून २००७, सोमवार

अलमेलू टीचरच्या गाडीला अपघात झाला. सकाळी शाळेत जाताना, शोळिंगनल्लूरच्या अलीकडे. ब्रेक लागलाच नाही — पेडल थेट तळाला गेलं म्हणे. रस्त्याचं काम चाललंय तिथल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर गाडी आदळली. डावा गुडघा फुटलाय.

मी गजेंद्रचा ऑफिसचा डबा भरत होते. वरच्या मजल्यावरून टीचरचा मुलगा अनवाणी पळत खाली गेला, त्याच्याकडून कळलं.

ब्रेकचं काम तीन आठवड्यांपूर्वी रंगानं केलं होतं. चांगला मेकॅनिक आहे म्हणून टीचरना त्याच्याकडे मीच पाठवलं होतं.

पुढचं आज लिहवत नाही.

१२ जून

लिहिते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

बावीस मेला रंगा आमच्या ग्रीस-तेलाच्या दुकानात आला, मी काउंटरला होते. टीचरच्या फियाटचे मागचे ब्रेक खोलून ठेवले होते. ‘अक्का, रबर ग्रीस द्या.’ रबर ग्रीस संपलं होतं. माल गुरुवारी यायचा होता. समोरच्या दुकानात होतं, हे मला ठाऊक होतं. पण सहा वर्षांपूर्वी मी काउंटरला उभी राहिले त्या पहिल्या दिवशी तो समोरचा माणूस हसला होता — बाई ग्रीस विकणार! त्याच्याकडे माझं गिऱ्हाईक पाठवणं माझ्या जिवावर आलं. मी बेअरिंगच्या ग्रीसचा डबा पुढे केला. तेही लालच दिसतं. म्हणाले, ‘पातळ हात फिरवा, चालतं.’

नाही चालत. सहा वर्षं लोकांना मीच हे सांगत आलेय. चाकाच्या बेअरिंगला उष्णता सोसणारं, पाट्याच्या स्प्रिंगला ग्रॅफाइटचं, आणि ब्रेकमधल्या रबराला फक्त रबर ग्रीस. ते एरंडेलाच्या कुळातलं. बेअरिंगचं खनिज तेलाचं — ते लागलं की रबर फुगतं, पिस्टन अडकतो, ब्रेकचं तेल गळायला लागतं. कंपन्यांची पत्रकं वाचून, वहीत उतरवून शिकले मी हे. मिरजेची मुलगी, तमिळ मोडकंतोडकं, पण गल्लीत लोक म्हणायला लागले होते, ग्रीस कुठलं घ्यायचं ते यामिनीबाईंना विचारा.

रंगानं विचारलंच होतं. दोनदा. ‘नक्की ना, अक्का?’ मी नक्की म्हणाले.

१३ जून

जेवणाचा डबा तसाच परत आणला.

१४ जून

टीचरच्या मुलानं दुसऱ्या मेकॅनिककडून ब्रेक उघडून घेतले. जिन्यात सगळ्यांना सांगत होता — आतली रबरं भिजवलेल्या चण्यासारखी फुगली होती, एका बाजूनं सगळं तेल गळून गेलेलं. ‘त्या शेडवाल्यानं हाताला लागेल ते फासलं. निष्काळजी माणूस.’ आणि मग माझ्याकडे वळून, सौम्यपणे, ‘तुमचा दोष नाही हो. तुम्हाला काय माहीत.’

मी मान हलवली. मान हलवली मी.

१६ जून

गजेंद्रला सांगितलं. नवऱ्याला तरी सांगायलाच हवं. एग्मोरहून ऑफिस सुटून आला, चहा घेत होता. ऐकून घेतलं. ‘तू विकलंस, लावलं त्यानं. एवढी वर्षं काम करतोय, त्याला कळायला नको?’ माझ्या बाजूनं बोलला. मला कुणी माझ्या बाजूनं बोलायला नको होतं. पण दुसरं काय हवं होतं तेही सांगता येईना.

‘रंगानं तुझं नाव घेतलंय का?’ असं विचारलं त्यानं. नाही घेतलं.

‘मग झालं तर.’

१८ जून

मालकांना सांगितलं. जयतीर्थराव तंजावरकडचे, त्यांच्या घरी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी अजून चालते. हातातलं बिलबुक बाजूला ठेवून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रागावतील. ‘सरि. झालें तें झालें. आतां चुम्मा, उगीच कशास बोलत्येस? कोणी पुसलें तुला?’

कुणी पुसलं नाही. तेच तर.

गुरुवारचा माल केव्हाच आलाय. रबर ग्रीसच्या ट्यूबा वरच्या फळीवर रांगेत आहेत. मी तिकडे पाहत नाही.

२० जून

हॉस्पिटलात पुन्हा गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. टीचर आडव्या, पाय वजनाला टांगलेला. भूगोल शिकवतात, पंचवीस वर्षं वर्गात उभं राहून. डॉक्टर म्हणालेत, गुडघा पूर्ण वाकणार नाही. ‘फळ्यापाशी खुर्ची घेऊन बसू का आता?’ असं म्हणून हसायला गेल्या आणि रडल्या. माझा हात धरला. ‘बिल्डिंगमधून तूच दोनदा आलीस.’

मी मोसंबी सोलली. एकेक फोड काढून दिली. घरी आले.

एवढंच जमतं मला.

२७ जून

पाऊस नाही, वारा नाही. हाताला ग्रीसचा वास येतो, धुतला तरी.

२ जुलै

रंगा शेड बंद करतोय. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे दोनच गाड्या आल्या, त्यातली एक परत गेली. टीचरच्या मुलानं सिरुसेरीच्या त्याच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, आणि रंगाची निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. हे मला आमच्या दुकानात आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकनं सांगितलं, हसत हसत. रंगा गावाकडे जाणार म्हणे, भावाच्या ट्रॅक्टरवर.

तीन आठवडे झाले, त्या माणसानं माझं नाव काढलेलं नाही. ‘ग्रीस यामिनीअक्कांनी दिलं’ — तीन शब्द. बोलला असता तर सुटला असता. माझ्यासाठी गप्प बसलाय तो. मी त्याच्या मुलीला एकदा जुनी पुस्तकं दिली होती, तेवढ्याचं एवढं ओझं वाहतोय.

यापेक्षा त्यानं दुकानात येऊन चारचौघांत मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

५ जुलै

एका ड्रायव्हरनं विचारलं, मॅडम, दाराच्या बिजागरीला कुठलं ग्रीस? लहान मूलही सांगेल. मी ‘समोर विचारा,’ म्हणाले.

समोर विचारा! बावीस मेला हेच दोन शब्द बोलायचे होते.

जयतीर्थराव बघत होते.

७ जुलै

टीचर घरी आल्या. वरून वॉकरचा आवाज येतो. चार पावलं, थांबणं. चार पावलं, थांबणं. स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

उद्या रंगाकडे जाते. त्याच्या पाया पडेन. मग तो सांगेल तसं.

८ जुलै, रविवार

रंगा हत्यारं पोत्यात भरत होता. त्याला सगळं सांगितलं, समोरच्या दुकानासकट. मला वाचवायला गप्प बसलात, हेही म्हणाले.

त्यानं पोतं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता बोलला. ‘बोटावर चोळलं तेव्हाच कळलं होतं मला, अक्का. दोन्ही लाल, पण हाताला वेगळी लागतात. दुसऱ्या दिवशी गाडी द्यायची होती. परत कोण जाणार शहरात? तुम्ही नक्की म्हणालात, तेवढं पुरलं मला. म्हणून तर दोनदा विचारलं. तुमचं नाव रोज तोंडावर यायचं. पण तुम्ही म्हणाला असता, तुला कळलं नाही का?’

टीचरना दोघांनी मिळून सांगायचं ठरलं, आणि त्यानं हात धुतले.

चार वाजता जिना चढलो. दार टीचरनीच उघडलं, वॉकर टेकत. आधी रंगा बोलला, मग मी. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं. बसा म्हणाल्या नाहीत. दारही लावलं नाही.